खंड्याची जहागीर आणि ओसरीवरचा मोती

रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे, हे बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. ते स्मारक १९३६ साली उभे राहिले आणि त्यासाठी द्रव्यसाहाय्य केले ते इंदूरच्या तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी, ही गोष्ट मात्र आपल्या इंदुरातही आता फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. तुकोजीरावांनी १९२६ मध्येच गादी सोडली होती. तरीही गडावरच्या एका कुत्र्याच्या स्मारकात होळकरांचा पैसा लागला, आणि त्या निमित्ताने माळव्यातील मराठी वस्तीचा रायगडाशी आणखी एक धागा जुळला.

वाघ्याची कथा सर्वश्रुत आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, असे सांगतात. महाराजांचे निधन १६८० साली झाले. त्या काळच्या विश्वसनीय कागदपत्रांत अशा कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असे इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. साहित्यात या कथेला प्रतिष्ठा लाभली ती मुख्यतः राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकामुळे. १९१९ मध्ये गडकरी गेले तेव्हा ते नाटक अपूर्णच राहिले होते. पुढे या स्मारकावरून वादही झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा काढून टाकला आणि तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये तो हटविण्याची मागणी पुन्हा झाली आणि तिला विरोधही झाला. त्या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आपल्या समाजाने कुत्र्याचे स्मरण कोणत्या गुणासाठी केले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. धन्यासाठी त्याने प्राण दिला, म्हणून त्याला दगडाचा चौथरा मिळाला. तो काय खात होता, आजारी पडल्यावर त्याला कोण पाहत होते, हे प्रश्न कथेत येत नाहीत.

मराठ्यांच्याच इतिहासात दुसरा एक कुत्रा आहे आणि त्याची हकीकत या दृष्टीने अधिक बोलकी वाटते. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांना (निधन १७४९) कुत्र्यांचा मोठा लळा होता. शिकारीच्या वेळी वाघापासून त्यांचा जीव वाचविणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याला त्यांनी जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंच्या कुत्र्याला दिलेल्या जहागिरीची व पालखीच्या सरंजामाची हकीकत नोंदविली आहे. त्याच्या लेखी तो राजाच्या लहरीपणाचा नमुना होता. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, खंड्याची समाधी दाखवितात.

लहरीपणाचा आरोप क्षणभर बाजूला ठेवला, तर जहागीर या शब्दाचा व्यावहारिक अर्थ ध्यानात येतो. जहागीर म्हणजे उत्पन्नाची नेमणूक. कुत्र्याला शेतसारा कळत नाही. पण त्याच्या नावे उत्पन्न लागले म्हणजे त्याच्या अन्नाची, निवाऱ्याची आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसांच्या पगाराची सोय लागते. राजाची मर्जी उद्या फिरली, तरी ती सोय कागदावर राहते. वाघ्याला स्मारक मिळाले, खंड्याला तरतूद मिळाली. आज आपल्या घरांतून जे लहान कुत्रे वावरते, त्याच्या संदर्भात या दोन परंपरांपैकी दुसरीची आठवण अधिक उपयोगी पडेल.

कुत्र्याविषयी आपल्या मनात जी दुविधा आहे, ती जुनीच आहे. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड. राजवाड्यात त्याचे देवस्थान आहे. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक असतो. त्यावर घोड्यावरचे देव, शेजारी म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा कोरलेला असतो. खंडोबाच्या उपासकांना ‘वाघ्या’ म्हणतात आणि ते स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. दत्तात्रेयांभोवतीची चार कुत्री म्हणजे चार वेद, असे आपण मुलांना सांगतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या भक्तिपरंपरेचे लाडके चित्र आहे. आणि तरीही सोवळ्याच्या घरात जिवंत कुत्र्याची सीमा ओसरीच्या पायरीपाशी संपत असे. ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ यासारखी शिवी, ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे’ ही म्हण त्याच भाषेतली. देवाच्या टाकावर त्याला जागा होती, माजघरात नव्हती.

राजेरजवाड्यांनी कुत्रा पाहिला तो वंशावरून आणि कामावरून. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेली शिकारी कुत्री आज मुधोळ हाउंड या नावाने ओळखली जातात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ, रामपूर, राजपालयम आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्रा यांना स्थान मिळाले. कुत्र्यांच्या वंशावळीची काटेकोर नोंद ठेवण्याची रीत मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची. तेथील केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि शुद्ध जात ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून पॉमेरेनियन जातीचा कुत्रा आणला आणि पुढे त्या जातीचे लहान चणीचे कुत्रे लोकप्रिय झाले.

माळव्यात पाहावे, तर १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महूला इंग्रजांची छावणी पडली. हिंदुस्थानातील छावण्यांतून गोऱ्या अधिकाऱ्यांनी टेरियर, स्पॅनियल अशी लहान कुत्री पाळली. छावणीच्या कुंपणाला कुत्री मानीत नाहीत. त्यांचा गावातल्या कुत्र्यांशी संकर झाला आणि ज्यांना कोणत्याही वहीत नाव नाही, असे मिश्र वंशाचे जीव जन्माला आले. पुढे भारतात पांढऱ्या, लोकरी केसांच्या स्पिट्झ कुत्र्यांचा प्रसार झाला. आपण त्यांना सरसकट ‘पामेरियन’ म्हणत आलो. वस्तुतः भारतीय स्पिट्झ हा विलायती पॉमेरेनियनपेक्षा आकाराने मोठा आणि उष्ण हवेला अधिक सरावलेला असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी याच प्रकारचा. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या आणि मोठा कुत्रा बांधायला अंगण उरले नाही, तेव्हा या स्पिट्झचा आणि गावठी कुत्र्याचा संकर अनेक मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागला. उभे कान, वळलेली शेपटी, पांढऱ्यावर बदामी ठिपके, वजन सहा-आठ किलो. नाव बहुधा मोती, नाहीतर टॉमी. सोवळ्याची सीमा ओलांडून माजघरात शिरला तो हाच.

या मोतीचा स्वभाव कसा असतो, याचे एक निश्चित उत्तर देता येत नाही. शुद्ध जातीविषयी निदान ढोबळ अंदाज बांधता येतो. मिश्र वंशात कोणत्या पूर्वजाचा कोणता गुण उतरेल, हे आधी सांगणे कठीण. तरी काही गोष्टी बऱ्याचदा आढळतात. स्पिट्झच्या बाजूने जागरूकता आणि भुंकण्याची हौस येते. गावठी बाजूने माणसाच्या हालचाली वाचण्याची कुशाग्रता येते. असा कुत्रा घरातल्या एखाद्या माणसाला चिकटून राहतो आणि परक्याला लवकर जवळ करीत नाही. लहान चणीच्या कुत्र्याचे गुरगुरणे आपण हसण्यावारी नेतो. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत जे आपण तत्काळ थांबविले असते, ते लहानाच्या बाबतीत ‘गंमत’ ठरते आणि त्यातूनच चावरेपणा वाढतो. वास्तविक गुरगुरणे ही भीतीची भाषा असते. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना त्याला माणसे, मुले, आवाज, वाहने यांची शांतपणे ओळख झाली, तर पुढचा बराचसा भित्रेपणा टळतो. मारून शिकवलेला कुत्रा आज्ञाधारक होत नाही, तो हाताला भिऊ लागतो. आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

आपल्या शहरातील दोन प्रसंग या दृष्टीने कठीण असतात. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरून अनेक कुत्री दाराबाहेर पळतात आणि हरवतात. त्या रात्री आतल्या खोलीत, पडदे लावून, ओळखीच्या माणसाजवळ त्याला ठेवावे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, तो इंदूरचा अभिमानाचा सोहळा. परंतु रासायनिक रंग कुत्र्याच्या डोळ्यांना व कातडीला अपाय करतात, आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे तेच रंग पोटातही जातात.

कुत्र्याशी आपले नाते बिघडविणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पिसाळण्याची भीती. ती निराधार नव्हे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. या भयापोटी सरकारे पूर्वीपासून कुत्री मारीत आली. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये जोसेफ मायस्टर या मुलाला लस टोचली, तेव्हा या रोगावर प्रथमच उपाय सापडला. १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हा आपल्या लहानपणी धाक घालण्याचा जो विषय होता, तो या लशीचा. तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबविण्यात आले आणि आता तिच्याहून सुरक्षित लशी मोजक्या मात्रांत मिळतात. चावा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांचे लेप देऊ नयेत. त्यात वेळ जातो आणि जखम आणखी चिघळते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही. नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग २००१ च्या नियमांनी घालून दिला, २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश देऊन, लगेच त्याच महिन्यात तो बदलून नसबंदी-लसीकरणानंतर बहुतेकांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय करावे, यावर मतभेद राहतील. घरातल्या कुत्र्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. त्याला दरसाल रेबीजची लस देणे, हे मालकाचे त्याच्याइतकेच शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयीचेही कर्तव्य आहे.

आपल्याकडे पशुवैद्यकाचा पाया घातला गेला तो घोडे आणि गुरे यांच्यासाठी. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, महूचे (आजच्या डॉ. आंबेडकर नगरचे) १९५५ चे. इंदूरकरांच्या दृष्टीने महूचे महाविद्यालय ही हाताशी असलेली मोठी सोय होय. तरी ‘जनावरांचा दवाखाना’ म्हटले, की बैल-म्हशी डोळ्यांपुढे येण्याची सवय आपल्या पिढीला आहे, आणि कुत्र्याचे दुखणे आपोआप बरे होईल अशी समजूतही. ती समजूत महागात पडते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होच्या साथीने तेव्हापासून असंख्य पिल्ले नेली आहेत. रक्ती हगवण आणि उलट्या यांनी दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादींची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतराने, रेबीजची तिसऱ्या महिन्यात, आणि नियमित जंतनाशक, एवढे केले तरी बहुतांश धोका टळतो. पावसाळ्यात गोचिडांपासून ताप येतो. कुत्रा सुस्त झाला, हिरड्या फिक्या दिसल्या, तर वाट पाहू नये. मादीची नसबंदी केली, तर नको असलेली पिल्ले टळतात, आणि उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो.

मिश्र वंशाचे कुत्रे काटक असते, या समजुतीत थोडे तथ्य आहे. जवळच्या नात्यात वारंवार संबंध न आल्यामुळे काही आनुवंशिक दोष त्यांच्यात कमी दिसतात. परंतु लहान चणीचे म्हणून जे विकार असतात, ते त्यांनाही होतात. गुडघ्याची वाटी सरकणे, दातांवर कीटण साचून हिरड्या सुजणे, श्वासनलिका नाजूक असणे ही त्यांची उदाहरणे. म्हणून गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा आणि दात लहानपणापासून घासण्याची सवय लावावी. माळव्याच्या रात्री थंड म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी मे महिन्यातील दुपार कठोर असते. दाट केसांच्या कुत्र्याला सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच फिरवावे. रस्त्यावर आपला तळवा काही क्षण टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही भाजतात.

आहाराच्या बाबतीत आपल्या मायेनेच घोटाळा होतो. ‘दूध-पोळी’ हे मराठी घरातील कुत्र्याचे परंपरागत अन्न. तेवढ्यावर तो जगतो, पण त्यात प्रथिने अपुरी असतात आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. अंडे, शिजवलेली डाळ-भात-भाजी, ज्यांच्या घरी चालते त्यांनी हाडे काढलेले मांस, किंवा तयार खाद्य, यांचा मेळ पशुवैद्याला विचारून घालावा. बेदाणे आणि मनुका त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, चॉकलेट विषारी ठरते. तेव्हा प्रसादाचा शिरा देण्याआधी विचार करावा. कांदा आणि लसूण यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. चंपाषष्ठीला आपण खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य दाखवितो, आणि देवाचे वाहन समजून कुत्र्याला घास घालतो. ही प्रथा सुंदर आहे, ती मोडू नये. कांद्याची पात घालण्यापूर्वी त्याचा घास वेगळा काढावा. रोडग्याचा तुकडा तर निर्धास्त द्यावा. आपल्यासाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. माणसाला साध्या वाटणाऱ्या औषधांनी कुत्रे दगावतात.

नीट सांभाळलेले असे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. हा आकडा आपल्या घरांच्या संदर्भात नीट ध्यानात घ्यावा लागेल. रामबागेत, राजेंद्रनगरात, सुदामानगरात अशी कितीतरी मराठी घरे आहेत, जेथे मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा समुद्रापार गेली आणि मागे दोन वृद्ध माणसे राहिली. त्यांच्या सोबतीला एक लहान कुत्रे येते. त्याच्यासाठी सकाळी उठावे लागते, दोन गल्ल्या चालावे लागते, त्या निमित्ताने चार माणसांशी बोलणे होते. या सोबतीचे मोल शब्दांत सांगण्यापलीकडचे आहे. पण पासष्टाव्या वर्षी आणलेले पिल्लू आपण ऐंशीचे होईतो आपल्याबरोबर असणार. त्यालाही मोतीबिंदू होईल, त्याचे हृदय थकेल, मूत्रपिंड दुबळे होईल; सातव्या-आठव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी लागेल. आणि कधी आपणच आधी गेलो, तर? मुले अंत्यविधीला येतात, तेराव्यानंतर घराला कुलूप लागते, आणि उशाशी झोपणारा मोती रस्त्यावरच्या कळपात सापडतो. तेथे तो फार दिवस टिकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने कुत्रा वारस होऊ शकत नाही. परंतु विश्वासू नातलगाची किंवा शेजाऱ्याची आगाऊ संमती घेऊन, त्याच्या सांभाळासाठी काही रक्कम त्या व्यक्तीच्या नावे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. त्याच्या लसींची नोंदवही, खाण्याच्या सवयी, घ्यायच्या गोळ्या यांचा एक कागद दाराजवळ ठेवता येतो. शाहू महाराजांनी खंड्यासाठी जे मोठ्या थाटात केले, तेच आपण आपल्या ऐपतीप्रमाणे एका साध्या कागदावर करू शकतो. ज्यांना पिल्लाची जबाबदारी पेलणार नाही, त्यांनी एखादे प्रौढ, निराधार कुत्रे घरी आणण्याचा विचार करावा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, त्याची धावपळ कमी झालेली असते, आणि त्याच्या उरलेल्या वर्षांचा मेळ आपल्या वर्षांशी बसण्याची शक्यता अधिक असते.

रायगडावरचा वाघ्या इतिहासात होता की नव्हता, हा वाद विद्वान चालवतील. त्याच्या स्मारकासाठी इंदूरने एकेकाळी पैसा दिला. आज याच शहरात, जिन्यावर आपल्या पावलांचा आवाज ओळखणाऱ्या एका सहा किलो वजनाच्या जिवासाठी वर्षाची लस, दुपारचे गार पाणी आणि मृत्युपत्रातल्या दोन ओळी, एवढा खर्च आपल्याला करता येण्यासारखा आहे. येत्या चंपाषष्ठीला टाक उजळताना घोड्याच्या पायाशी असलेल्या त्या लहान आकृतीकडे दृष्टी गेली, तर त्या दोन ओळी लिहून झाल्या आहेत की नाहीत, याची आठवण जरूर व्हावी.